सोनकांबळे बाईंची मधली उडी

सोनकांबळे बाईंनी मला कधीच नावानं हाक मारली नाही. चार महिने मी त्यांच्या योगाच्या वर्गाला जात होतो, पुढं वर्षभर त्यांचे कागद माझ्याच टेबलावरून जात होते, तरी त्यांच्या लेखी मी 'क्लार्कसाब' होतो आणि क्लार्कसाबच राहिलो. यातल्या 'साब'मध्ये आदर शोधायला जाऊ नये. नांदेडकडच्या माणसाला एखाद्याला पार खाली उतरवायचं असलं की तो आधी त्याला साब म्हणून वर चढवतो.

मला बाई आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण असं काही लिहायला घेतलं की माणूस वरून काटेरी आणि आतून गोड निघणार, अशी वाचणाऱ्याची समजूत होते. बाई आतूनही काटेरीच होत्या. मी त्यांना घाबरायचो, त्यांच्या माघारी त्यांच्या नकला करायचो आणि त्यांची बदली व्हावी म्हणून एकदा मुरुडच्या मारुतीला नारळही बोललो होतो.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं आहे. लग्नकार्यात चार पाहुणे जमले की कुणीतरी म्हणतंच, बाईंचं सांगा. मग मी सांगतो. बायको तर पोत्याची जागा यायच्या आधीच हसायला लागते. एक भाग मात्र मी दरवेळी गाळत आलो. इथं गाळणार नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्यांचा रंग ओला होता आणि बाकी सगळं कोरडं. दोन पावसाळे वाया गेले होते, नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं आणि तेही आल्यासारखं करून जायचं. मी जवळच्याच मुरुडहून आलेला चोवीस वर्षांचा कनिष्ठ लिपिक. कचेरीचं नाव लिहीत नाही, तिथं माझ्या ओळखीची माणसं अजून आहेत. जिल्हा नवा म्हणून कचेरी नवी, आणि कचेरी नवी म्हणून खुर्च्या यायच्या होत्या. आम्ही जुन्या जिल्ह्यातून आलेल्या फायलींच्या गठ्ठ्यांवर बसून काम करायचो. तीन महिन्यांत माझी कंबर धरली. हेडक्लार्क म्हणाले, मुलींच्या शाळेत एक नव्या बाई आल्यात, पहाटे मोठ्या माणसांचाही वर्ग घेतात, जाऊन बघ.

किराणा दुकानावरचा एक हॉल होता, तिथं पाच वाजता वर्ग भरायचा. बाई चाळिशीच्या, ठेंगण्या, चष्म्याला काळा दोरा बांधलेला. पाचवारी साडीचाच काष्टा मारून उभ्या असायच्या. त्या चेहऱ्याकडं बघायच्या नाहीत, पायाकडं बघायच्या. बाजारात समोरून आलात तरी नजर आधी तुमच्या पायावर जायची आणि मग वर येत येत कपाळावर आठी पडायची. नवरा रेल्वेत होता तेव्हा त्या काही वर्षं म्हैसूरला राहिल्या होत्या आणि तिथं एका म्हाताऱ्या गुरूंकडं ही अष्टांगाची पद्धत शिकल्या होत्या. नवरा वारल्यावर नायगावला माहेरी आल्या, तिथून नांदेड, तिथून लातूर. यापलीकडं त्यांच्या आयुष्याची माहिती त्यांनी कुणाला दिली नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

माझी समजूत अशी की योग म्हणजे आसनं. पाय इकडं, हात तिकडं, डोळे मिटायचे, झालं. पहिल्याच दिवशी बाईंनी ती समजूत काढून टाकली. "आसन काय, फोटोवाल्यासमोर कुणीबी करतंय," त्या म्हणाल्या. "मधलं दाखवा."

मधलं म्हणजे एका आसनातून निघून दुसऱ्यात जाईपर्यंतचं. बसून करायचं आसन झालं की दोन्ही हात जमिनीला टेकायचे, पाय पोटाशी घ्यायचे, सगळं अंग हातांवर उचलायचं आणि उडी मारून पाय मागं न्यायचे, दंड घालताना असतात तसे. तिथून छाती वर, मग कंबर वर, परत उडी, पाय हातांच्या मधून पुढं, आणि मग पुढचं आसन. प्रत्येक हालचालीला एक श्वास, कमी नाही की जास्त नाही. बाई मोठ्यानं आकडे म्हणायच्या आणि आकडा संपायच्या आत पाय टेकलेले असायला लागायचे. टेकताना आवाज यायला नको. आवाज आला तर ती उडी नव्हे, ते आदळणं.

माझं अंग उचललंच जात नव्हतं. पाय मागं जायचे, पण बाकीचा मी जागेवरच राहायचो आणि मग सगळं मिळून एकदम खाली यायचं. आठव्या की नवव्या दिवशी खालचा दुकानदार टोपी झटकत वर आला. छताचा पोपडा त्याच्या गुळाच्या ढेपेवर पडला होता. वर काय पडलं, असं त्यानं विचारलं. बाईंनी आकडे न थांबवता माझ्याकडं बोट केलं. "तुमचंच एक पोतं चुकून वर आलंय. सांजच्याला घेऊन जावा."

तेव्हापासून मी टेकलो की अख्खा वर्ग हळूच 'पोतं' म्हणायचा. तालुक्याचे डॉक्टरही म्हणायचे.

वर घामाचं प्रकरण. घाम पुसायचा नाही, अंगातच चोळायचा, असा त्यांच्या पद्धतीचा कायदा होता. आंघोळीची घाई नको. ते म्हैसूरला ठीक असेल. लातुरात त्या साली घाई केली तरी आंघोळ मिळत नव्हती. मी तसाच कचेरीत जायचो. शेजारचे लिपिक त्यांचा गठ्ठा उचलून खिडकीपाशी गेले ते परत आले नाहीत.

चार महिन्यांनी मी फुटलो. त्याच हॉलमध्ये सहा वाजता बिराजदार सरांचा वर्ग असायचा. सर उदगीरकडचे, गोड माणूस, कुणालाही कानडीत 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणून पाठीवर हात ठेवणारे. गंमत म्हणजे तेही म्हैसूरला त्याच गुरूंकडं दोन महिने जाऊन आले होते. पण त्यांच्याकडं उडी नव्हती. एक पाय मागं, मग दुसरा पाय मागं, सावकाश, आणि प्रत्येक आसनानंतर थोडं उताणं पडायचं. सर म्हणायचे, उडी हा जवानीचा गर्व आहे, गुरुजींनी मला स्वतः सांगितलं की पाय पाय न्या. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, गुरुजींनी यांचा सुजलेला गुडघा बघून यांना तसं सांगितलं, यांनी गावी येऊन त्याचा कायदा केला.

दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. सर आले की सतरंज्या अंथरायचे, बाई आल्या की गुंडाळून कोपऱ्यात फेकायच्या, कारण सतरंजीवर आवाज लपतो. मी सहाच्या वर्गाला पहिल्यांदा गेलो तेव्हा बाई जिना उतरत होत्या आणि मी मान खाली घालून चढत होतो. त्यांनी अर्थातच माझे पाय ओळखले. पायरीवर थांबून म्हणाल्या, "जावा, जावा. पाय पाय जावा." त्यानंतर गाव दोन तुकड्यांत वाटलं गेलं. उडीवाले आणि पायवाले चहाच्या हॉटेलातही वेगळे बसायला लागले. एका पायवाल्या मास्तरानं उडीवाल्याच्या घरचं स्थळ मोडल्याचंही मी ऐकलंय, त्यात हुंड्याचाही भाग असेल.

पुढं हॉल टंचाईच्या कामाला गेला. तिथं टेबलं लागली, टँकरचे नकाशे लागले, आणि दोन्ही वर्ग बंद पडले. पण बाईंच्या शाळेला त्याच सुमाराला एक काम आलं. जिल्हा झाल्याचा मोठा सोहळा व्हायचा होता, पाहुणे यायचे होते, आणि शाळेच्या साठ मुलींनी मैदानावर योगाची प्रात्यक्षिकं करायची होती. बाई हंगामी होत्या. प्रात्यक्षिकं नीट झाली तर कायम होतील, असं मुख्याध्यापिकांनी त्यांना सांगितलं होतं. मी कसलासा तक्ता भरून घ्यायला शाळेत गेलो होतो तेव्हा हे बोलणं चाललं होतं. बाईंनी कायम होण्याचा विषय एका हातानं बाजूला केला.

"कायम व्हायचं ते होईल न होईल," त्या म्हणाल्या. "या गावात पोरीला पयलं काय शिकवतेत? पाय आपटू नको, उड्या मारू नको, हळू चाल. साठ पोरी हायेत. समद्या जिल्ह्यासमोर एका दमात उडणार. मला तेवढं बघायचंय. मंग ज्याला जे बोलायचं ते बोला."

मी तक्ता घेऊन आलो.

मैदान म्हणजे काळी माती, भेगाळलेली आणि वर बोटभर धूळ. त्यावर पाणी मारायचा प्रश्नच नव्हता, माणसांना प्यायला नव्हतं. दुसरी कुणी असती तर हटली असती. बाईंनी त्या धुळीची पाटी केली. पहाटे प्रत्येक मुलीला आपापली जागा हातानं सारखी करून घ्यायला लावायच्या आणि मग उडी. उडी झाली की मुलींना बाजूला काढून स्वतः ओळीओळीतून कंबरेत वाकून फिरायच्या आणि जमीन वाचायच्या. पाय नीट उचलला असला तर मागं दोन पंजांचे ठसे, स्पष्ट, बोटं मोजता येतील असे. घासला असला तर ओरखडा. ओरखडा दिसला की त्या मुलीचं नाव, तिच्या बापाचं नाव आणि त्या दोघांच्या आळसाबद्दल चार शब्द. मुली रडायच्या. दोघी सोडून गेल्या, त्यांच्या जागी बाईंनी दुसऱ्या दोघी आणल्या.

माझी खोली मैदानाला लागून होती आणि टँकर कोपऱ्यावर यायचा. एके दिवशी मी घागर घेऊन रांगेत उभा असताना बाईंनी मला लांबून हेरलं आणि हात करून बोलावलं. रांग सोडून जायची म्हणजे पाणी गेलं, पण मी गेलो. न जायची हिंमत नव्हती. त्यांनी आकडा म्हटला. साठ मुली उडाल्या. खरं सांगतो, मला अजून ते डोळ्यांपुढं दिसतं. आवाज झाला तो एवढाच, ओली धोतरं दोरीवर एकदम टाकावीत तसा. आणि धूळ बसल्या जागी बसून होती.

"दिसून राहिलं का क्लार्कसाब?" बाई म्हणाल्या. "धूळ कुठं हाय? पाय घासला की धूळ उडती. उचलला की न्हाई."

मी म्हटलं, दिसलं. त्या म्हणाल्या, जावा मग, आणि मी परत आलो तेव्हा टँकर निघून गेला होता. त्या दिवशी मी आदल्या दिवशीच्या तांब्याभर पाण्यात तोंड, आंघोळ, चहा सगळं उरकलं, आणि कचेरीत गठ्ठ्यावर बसून मनातल्या मनात बाईंना ज्या शिव्या दिल्या त्या आमच्या वडिलांनी ऐकल्या असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं. वडील शाळामास्तर होते.

आता गाळलेला भाग.

सोहळ्याला पंधरा दिवस राहिले असताना आमच्या साहेबांकडं दोन-तीन प्रतिष्ठित मंडळी येऊन गेली. त्यांच्या मुली त्या साठांत होत्या. मोठ्या झालेल्या मुली चारचौघांत उड्या मारणार, हे त्यांना बरं वाटत नव्हतं. योग असावा, पण शोभेसा असावा. बिराजदार सरांची पद्धत चांगली, असंही ते सुचवून गेले. सरांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, एवढं मी त्यांच्या बाजूनं बोलतो. ते गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, मुलींनी उड्या मारू नयेत असं कागदावर लिहिता येत नाही, वर्तमानपत्रवाले धरतील, त्या बाई कुणाकुणाकडं जातील. काहीतरी कारण बघून टिपणी तयार करा.

आमच्या खात्यात याला टिपणीला अंग देणं म्हणतात. निर्णय आधी ठरलेला असतो, त्याला घालायला कपडे शिवून आणायचे. नवीन कारकुनाची परीक्षा यातच होते. मी गठ्ठ्यावर येऊन बसलो आणि पाच मिनिटांत मला धूळ सुचली. सुचली तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मी लिहिलं: 'टंचाई परिस्थितीमुळे मैदानावर पाणी शिंपडणे शक्य नसल्याने, उडी मारण्याच्या क्रियेमुळे धूळ उडून विद्यार्थिनींच्या व उपस्थितांच्या आरोग्यास बाधा पोहोचण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब आसनांमधील संक्रमण पाऊल टाकून करण्यात यावे व प्रात्यक्षिकांचे संचालन श्री. बिराजदार यांच्याकडे सोपविण्यात यावे.'

बारा दिवसांपूर्वी मी ती जमीन स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. बसल्या जागची धूळ बघितली होती. तरी लिहिलं. साहेबांना खूश करायचं होतं हे आहेच, पण तेवढंच असतं तर मी घरात हा भाग गाळला नसता. लिहिताना मला मजा येत होती. 'सबब' हा शब्द लिहिताना तर मी त्याला वळण देऊन लिहिला. साहेबांनी वाचून खाली सही केली आणि म्हणाले, तुम्ही पुढं जाल.

दुसऱ्या दिवशी बाई कचेरीत आल्या. आदेश हातात होता. त्या साहेबांच्या खोलीकडं गेल्याच नाहीत, सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी गठ्ठ्यावर बसलेलो, त्यामुळं बाई ठेंगण्या असूनही मला वर बघावं लागलं.

"हे कुणी लिवलं?"

मी म्हटलं, साहेबांची सही आहे.

"सही कुणाची ते इचारलं न्हाई."

मी म्हटलं, टिपणी वरून आली. आमच्या कचेरीला वरचा मजला नव्हता. शेजारचे लिपिक खिडकीतून बाहेर बघू लागले. बाईंनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली, चष्मा काढून पदरानं पुसला आणि पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. मला वाटलं आता काहीतरी भयंकर ऐकायला मिळणार. पण त्या काही न बोलता गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला रागवायला काही मिळालं असतं.

सोहळ्याच्या दिवशी सर ध्वनिक्षेपकावर होते आणि बाई मैदानाच्या कडेला, पालकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या होत्या. बाईंनी आदेश पाळला होता. पंधरा दिवस मुलींना सरांनीच शिकवलं होतं. मुली मैदानात आल्या, पांढरे सदरे, निळ्या सलवारी. पहिलं आसन झालं, टाळ्या पडल्या. मग सरांच्या मऊ आवाजात सूचना आली आणि साठ उजवे पाय मागं गेले, मग साठ डावे. घासत.

धूळ आधी गुडघ्याएवढी उठली. पाचव्या आसनाला मुली कंबरेपर्यंत दिसेनाशा झाल्या. वारा मांडवाकडं होता. पाहुण्यांनी रुमाल काढले, साहेब खोकत खोकत दुष्काळाला दोष देत होते, आणि मी मांडवाच्या मागच्या बाजूला सरबताच्या ट्रेवर पेपर झाकत उभा होतो. माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं, पाय पाय करून एवढी धूळ, उड्या मारल्या असत्या तर काय झालं असतं. मी मान डोलावली.

आणि त्या धुळीत शेवटच्या ओळीतली एक मुलगी उडाली. पंधरा दिवसांची शिकवण विसरून चार महिन्यांची सवय वर आली असणार. रेखा तिचं नाव. बाकीच्या एकोणसाठ जणींचा पहिला पाय अजून मागं सरकतच होता, तेव्हा ती उडून, टेकून, छाती वर काढून मोकळी झाली होती. सरांनी ध्वनिक्षेपकावर सांगितलं, अगदी प्रेमानं, "शेवटची ओळ, चुकलं बाळ. उडी नाही. पाय, पाय." सगळं मैदान हसलं. ती मुलगी अर्धवट उठली, अर्धवट बसली, इकडंतिकडं बघितलं, आणि मग कार्यक्रम संपेपर्यंत तिनं पुढचं काहीच केलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी पिंपाकडं बघितलं. बाई मैदानात दोन पावलं आत आल्या होत्या आणि तिथंच थांबल्या होत्या.

बाई कायम झाल्या नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या लोह्याच्या कुठल्याशा शाळेत गेल्याचं कळलं. नारळ बोललो होतो तो मी फोडला. त्याच महिन्यात कचेरीत खुर्च्या आल्या.

ही सगळी गोष्ट, मधला तेवढा भाग सोडून, मी वीस वर्षं सांगत आलो. गेल्या साली आमची धाकटी सुट्टीला घरी आली. तिनं कुठंतरी योगाचा वर्ग लावलाय, तिथंही म्हणे हीच भांडणं, कुणी म्हणतं उडी, कुणी म्हणतं पाऊल. मग मी बाईंचं सांगितलं. पोत्याला सगळे हसले. शेवटी पोरीनं विचारलं, "बाबा, पण ती ऑर्डर लिहिली कुणी?" मी म्हटलं, साहेबांनी. ती म्हणाली, साहेब कधी स्वतः लिहितात का? तिला मीच कधीतरी सांगितलं होतं की साहेब फक्त सही करतात. मी पाणी प्यायला उठलो.

महिन्याभरानं नांदेडला एका लग्नाला जायचं होतं. बायकोला लग्नघरी सोडलं आणि एस.टी. धरून एकटाच लोह्याला गेलो. बाईंचं घर शोधावं लागलं नाही, स्टँडवर पहिल्याच माणसानं हात करून दाखवलं. स्टँडच्या समोरच, रस्ता ओलांडला की दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. बाई निवृत्त झाल्या होत्या. पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. आधी माझ्या पायाकडं बघितलं.

"क्लार्कसाब," म्हणाल्या. "वजन वाढलंय."

मला बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ती टिपणी मी लिहिली होती, धूळ मी शोधून काढली होती, खोटं आहे हे माहीत असून लिहिलं होतं. एस.टी.त मी हे तीन-चार प्रकारे पाठ केलं होतं, त्यात माफी हा शब्दही होता. तो मी म्हटला.

बाई तांदूळ निवडत राहिल्या. "मला त्याच दिवशी कळलं व्हतं. माझ्या रजेचे समदे अर्ज तुमीच नामंजूर करून पाठवायचे. अक्षर वळखते मी."

मग म्हणाल्या, "मला सांगून काय करता? माझं काय गेलं? मी इथं अठरा वर्षं उड्या मारून घेतल्या पोरींकडून. रेखा हाय का ध्यानात? शेवटच्या रांगेतली?"

मी म्हटलं, आहे.

"तिच्या लग्नात गेल्ते मी. हळद लागलेली, आन् मला कोपऱ्यात घेऊन इचारती, बाई, त्या दिवशी माझं चुकलंच व्हतं का? मी म्हणलं, न्हाई बाई, एकल्या तुझंच बरोबर व्हतं. मान हालवली तिनं. तिला वाटतं बाई माया करून राहिल्या. चुकलं म्हणणारी कचेरी व्हती, क्लार्कसाब. बरोबर म्हणायलाबी कचेरीच लागती."

बाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"नायगावला दिलीय तिला," बाई म्हणाल्या. त्यांनी तिचं सासरचं आडनाव सांगितलं, बाजाराच्या रस्त्यावर शिवणकामाचं दुकान आहे ते सांगितलं, शेजारी कुणाचं काय आहे ते सांगितलं. मी ऐकत उभा होतो. त्या थांबल्या. "लिहून घ्या की. लिवता तर येतंय तुमाला."

मी खिशातून लग्नाची पत्रिका काढली आणि तिच्या मागं लिहून घेतलं. उभ्यानं लिहिल्यामुळं अक्षर चांगलं आलं नाही. चहाचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही थांबलो नाही. येतो म्हणून निघालो.

रस्ता ओलांडून स्टँडवर आलो. नांदेडची गाडी लागलेली होती, कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता, जागा होती. नायगावच्या गाडीला पाऊण तास होता. मी सहज मागं वळून बघितलं. बाई पडवीच्या कडेला येऊन उभ्या होत्या, उन्हात, कपाळाला हात लावून. निरोप द्यायला त्या आल्या नव्हत्या. मी कुठल्या गाडीत चढतो, तेवढंच त्यांना बघायचं होतं.

नांदेडची गाडी निघून गेली. त्यानंतर नांदेडचीच आणखी एक लागली. बाई जागच्या हलल्या नाहीत. मी पत्रिका हातात धरून त्यांच्या समोरच्या बाकावर बसून राहिलो.